डावा डोळा, वीस गुण

परिपत्रकातलं वाक्य साधं होतं, म्हणूनच त्यावर तीन बैठका झाल्या. ‘जिल्हा ज्येष्ठ नागरिक कैवारी या पदावरील व्यक्तीस स्थानिक ज्येष्ठांची बोली समजणे व बोलता येणे अत्यावश्यक राहील.’ हे पद निर्माण होऊन तीन वर्षं झाली होती. गोंदियाच्या कार्यालयात कैवाऱ्याची खोली होती, खुर्ची होती, दारावर पाटी होती, खोलीत कुलर होता. माणूस तेवढा नव्हता. म्हाताऱ्यांच्या बाजूने उभे राहणे, असं कैवाऱ्याच्या कर्तव्यसूचीत पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं. तीन वर्षं त्यांच्या बाजूने कुलर उभा होता.

“इथले म्हातारे बोलतात तरी काय?” मोठ्या साहेबांनी विचारलं. साहेब सात महिन्यांपूर्वी तिकडून, म्हणजे राज्याच्या पार दुसऱ्या टोकाकडून, बदलून आले होते आणि आल्या दिवसापासून तिकडे परत जायच्या खटपटीत होते.

वरिष्ठ लिपिक भुवनेश्वर पटले फाइल धरून उभा होता. “ते कोनासमोर बोलून राहिले त्याच्यावर हाय, साहेब.”

“म्हणजे?”

“मी घरी आईसोबत पोवारी बोलतो. धानाच्या बांधीत रोवनेवाल्यायसोबत झाडी. बजारात हिंदी. तिकडे दरेकसाच्या अंगाले गेले तं गोंडी, छत्तीसगडी.”

“आणि माझ्यासमोर?”

“तुमच्यासमोर नाही बोलत कोनी. हो म्हनते अन् चालली जाते.”

साहेबांनी यातली एकच भाषा ठरवायला सांगितली, कारण तक्त्यात एकच रकाना होता. समितीवर महाविद्यालयातले प्राध्यापक ईश्वरदास होते. त्यांनी झाडीबोलीवर चाळीस पानांची पुस्तिका लिहिलेली असल्यामुळे झाडीबोली एकमताने ठरली. समितीच्या तिसऱ्या सदस्य स्नेहल मॅडम यांनी गोंडीचं काय, असं विचारलं. गोंडी दुसऱ्या टप्प्यात घेऊ, असं ठरलं. दुसरा टप्पा म्हणजे काय, हे दरेकसाच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

उमेदवारांना बोली येते हे तपासायचं कसं, यावर दुसरी बैठक झाली. नऊ उमेदवारांपैकी पाच जणांनी सरपंचाचा दाखला जोडला होता. त्यातल्या दोन दाखल्यांवर सरपंचाने ‘यांना बोली चांगली येते’ हे हिंदीत लिहिलं होतं. साहेबांनी दाखले बाजूला सारले.

“प्रत्यक्ष परीक्षा घ्यायची. एक खरा ज्येष्ठ नागरिक आणायचा. त्याने आपली तक्रार बोलीत सांगायची, उमेदवाराने ती ऐकून त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आणि काय समजलं ते शुद्ध मराठीत लिहायचं. वीस गुण. पण तक्रार खरी हवी, पटले. बनावट तक्रार नऊ वेळा सांगताना माणूस चुकतो.”

“खरी हाय ना, साहेब,” भुवनेश्वर म्हणाला. “खिडकीवर उभीच हाय.”

खिडकीवर मुर्रीच्या धुरपताबाई उभ्या होत्या. वय बहात्तर. दोन वर्षांपूर्वी मोफत शिबिरात त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डाव्याचं पुढच्या वर्षी करू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढच्या वर्षी त्या गेल्या तेव्हा शिबिरातल्या मुलीने संगणकात पाहिलं. संगणकात ‘शस्त्रक्रिया झाली का?’ असा एक रकाना होता आणि त्यात ‘होय’ होतं. माणसाला डोळे दोन असतात ही माहिती संगणकाला कोणी दिलेली नव्हती.

“आजी, तुमचं ऑपरेशन झालंय.”

“एका डोऱ्याचं झालं, बाई.”

“हो ना. झालंय.”

यावर उपाय होता. नियमात ‘विशेष बाब प्रमाणपत्र’ होतं. अमुक व्यक्तीचा अमुक डोळा बाकी आहे, असं कैवाऱ्याने लिहून सही-शिक्का द्यायचा, की शिबिरात दुसरा डोळा घेतात. कैवारी नव्हता, म्हणून धुरपताबाई आठ वेळा या खिडकीवर येऊन गेल्या होत्या. यंदा डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की मोतीबिंदू या शिबिरात काढला तर काढला. पुढे काढूनही दिसेल याचा भरवसा नाही. शिबिर येत्या वीस तारखेला होतं.

“डावीकून मले काईच दिसत नाही, बाबू,” त्या भुवनेश्वरला सांगत. “डावीकून सून आली तं दिसत नाही, ट्रक आला तं दिसत नाही. सून नाही दिसली तं चालते. ट्रक दिसला पायजे.”

भुवनेश्वरचा हिशेब सरळ होता. परीक्षा चार तारखेला, नेमणूक पंधरापर्यंत, शिबिर वीसला. “आजी, तुमी परीक्षेले या. ज्याले तुमची गोष्ट सबन समजन, तोच कैवारी होईन. अन् त्याची पहिली सही तुमच्या कागदावर.”

“सही करन ना तो?”

“त्यासाठीच तं नेमून राहिले त्याले.”

या वाक्यावर भुवनेश्वरचा विश्वास होता. बावीस वर्षं नोकरी होऊनही काही माणसांचा असा एखादा विश्वास शिल्लक राहतो.

चार तारखेला धुरपताबाई ठेवणीतलं पातळ नेसून, ऑटोने, साडेनऊलाच आल्या. दहा वाजता पहिला उमेदवार खोलीत आला. समोर टेबलामागे तीन खुर्च्या, त्यात समिती. बाजूला, समितीकडे तोंड करून, एका खुर्चीत ‘नमुना ज्येष्ठ’. हा शब्द प्राध्यापक ईश्वरदासांचा. साहेबांनी मान हलवली. धुरपताबाईंनी पदर सारखा केला, दोन्ही हात जोडले आणि सुरुवात केली.

“नमस्ते साब. मेरी एक आँख का आपरेशन हो गया है, दूसरी का बाकी है. मेहरबानी करके कागज दे दीजिए.”

प्राध्यापकांची लेखणी थांबली. “हे काय? ही तर हिंदी.”

“पुन्हा सांगा, आजी,” साहेब म्हणाले. “हिंदी नको.”

धुरपताबाईंनी क्षणभर विचार केला आणि शाळेच्या पाठासारखं म्हणाल्या, “साहेब, माझ्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे. दुसऱ्याचे राहिले आहे.”

डोळा. ‘ळ’ सकट. प्राध्यापकांनी डोक्याला हात लावला. “नमुना दूषित आहे,” ते साहेबांच्या कानात म्हणाले. “यांच्यात अस्सल काही राहिलेलं नाही.”

भुवनेश्वर त्यांना व्हरांड्यात घेऊन आला. “आजी, अशा काऊन बोलून राहिल्या? घरच्यासारखं बोला ना.”

“साहेबासमोर? मले पागल समजलास का रे?”

“साहेबच म्हनून राहिले.”

“हे पाय बाबू. साठ वर्सं झाली. तहसीलमंधी गेली तं नीट बोला. दवाखान्यात गेली तं नीट बोला. बँकीत गेली तं ओ बाई, नीट बोला. नीट बोलाले शिकता शिकता दात पडले माहे. आता शिकली, तं तू म्हनतेस बिघडवून बोल?”

कार्यालयात ज्याचं उत्तर नसतं त्याला आदेश म्हणतात. “आदेश हाय, आजी,” तो म्हणाला, आणि त्यांना परत आत घेऊन गेला.

दुसऱ्या उमेदवारालाही त्यांनी नीटच सांगितलं. तिसरा उमेदवार निवृत्त बँक अधिकारी होता. त्याला ऐकायला कमी येत होतं. तो सवयीने म्हणाला, “आजीबाई, जरा हळू आणि स्पष्ट बोला.”

आणि काहीतरी फुटलं.

“हरू बोलू? अजून किती हरू बोलू? आठ डाव आली अती, आठ डाव सांगतलं, आज तिसऱ्या डाव सांगून राहिली, अन् तुमी मले म्हनता हरू बोल! एक डोरा काढला, एक तसाच ठेवला. बांधी अर्धी रोवून कोनी घरी जाते का? कायले जाते? अन् वरून म्हनते, बाई तुह्या झाला! माह्या झाला तं मले काऊन नाही दिसत बाप्पा?”

प्राध्यापक ईश्वरदास खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा चेहरा उजळला होता. “‘डाव’! ‘अती’, म्हणजे इथे! वा! ‘काऊन’ आणि ‘कायले’ एकाच श्वासात!” ते भराभर टिपून घेत होते. धुरपताबाईंच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. त्याची नोंद कोणी घेतली नाही, कारण पाणी बोलीत मोडत नव्हतं.

“म्हणजे या चिडल्या की अस्सल बोलतात,” साहेब म्हणाले. साहेब हुशार होते. जिल्ह्यात आल्यापासून त्यांनी काढलेला हा पहिला निष्कर्ष होता आणि तो बरोबर होता. “पटले, यांना शेवटपर्यंत चिडतं ठेवा.”

“जी?”

“आता पहिल्या दोघांनाही परत बोलवावं लागेल. सगळ्यांना सारखाच प्रश्न मिळाला पाहिजे. परीक्षेत समानता हवी.”

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. धुरपताबाईंनी कप घेतला आणि म्हणाल्या, “शुक्रिया, साब.”

साहेबांनी हात वर केला. “चहा काढून घ्या. चहा दिला की त्या हिंदीत जातात.”

चहा काढून घेतला गेला. स्नेहल मॅडमनी आपल्या कपाकडे पाहिलं, तो टेबलावर ठेवला आणि त्या दिवशी परत उचलला नाही. त्यांचा निषेध एवढाच होता, पण समितीतल्या तिघांत मिळून तेवढाच होता.

पुढच्या प्रत्येक उमेदवाराआधी भुवनेश्वरने धुरपताबाईंना ‘तुमचं प्रमाणपत्र मिळणार नाही’ असं सांगायचं, असं ठरलं. त्याने ते सांगितलं. आपण खोटं बोलतो आहोत असं समजून त्याला वाईट वाटत होतं. ते खोटं नव्हतं हे त्याला तेरा दिवसांनी कळलं.

सातव्या उमेदवार होत्या तिरोड्याच्या रुक्माबाई, निवृत्त अंगणवाडी सेविका. त्यांनी समितीकडे पाठ केली, खुर्ची ओढून धुरपताबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि पूर्ण ऐकून घेतलं. मग अंगठ्याने डाव्या डोळ्याची पापणी वर केली.

“हा तं पुरा पिकला, बाई. वीस तारीख म्हनता ना?” त्या भुवनेश्वरकडे वळल्या. “भाऊ, त्या शिबिरवाल्यायचा नंबर द्या. फोन लावतो.”

“थांबा, थांबा,” साहेब म्हणाले. “बाई, तक्रार समजून घ्यायची आहे. सोडवायची नाही.”

“समजली ना. म्हनूनच तं फोन लावून राहिली.”

“तुमच्यामागे आणखी दोन उमेदवार आहेत. तुम्ही आत्ता तक्रार सोडवलीत तर त्यांना आम्ही काय विचारायचं?”

रुक्माबाई साहेबांकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षांत त्यांनी पुष्कळ साहेब पाहिले होते, पण एवढा स्पष्ट बोलणारा पहिलाच. त्यांनी उत्तरपत्रिका ओढली, चार ओळी लिहिल्या आणि उठल्या. त्यांनी लिहिलं होतं: ‘वीस तारखेला सकाळी सात वाजता शिबिरात नेणे. घरून नाश्ता करून आणणे. सोबत मी जाईन. बाईंना सकाळपासून चहा मिळालेला नाही.’

प्राध्यापकांनी त्यावर लाल शाईने शेरा मारला: ‘काय समजले ते लिहिलेले नाही. विषयांतर.’ गुण शून्य. बाहेर पडताना रुक्माबाईंनी गेटवरच्या टपरीतून चहा पाठवला, तो साहेबांनी परीक्षा संपेपर्यंत खिडकीत ठेवायला लावला.

परीक्षा चार वाजता संपली. मागे बोलावलेले दोघे धरून धुरपताबाईंनी आपला डोळा अकरा वेळा सांगितला होता. सर्वांत जास्त गुण उमेंद्र नावाच्या तरुणाला मिळाले. तो नागपूरचा. तीन महिन्यांचा बोलीचा अभ्यासक्रम पहिल्या वर्गात पूर्ण केलेला. तो जमिनीवर मांडी घालून बसला होता, धुरपताबाईंना ‘माय’ म्हणाला होता आणि त्याने त्यांचं म्हणणं इतकं अचूक लिहिलं होतं की प्राध्यापकांना आपल्या पुस्तिकेत दोन दुरुस्त्या कराव्या लागल्या. वीसपैकी एकोणीस. वीस देत नाहीत म्हणून एकोणीस.

संध्याकाळी साहेबांनी भुवनेश्वरला फाइलसाठी आदर्श उत्तर लिहायला सांगितलं. भुवनेश्वरने लिहिलं: ‘श्रीमती धुरपताबाई, राहणार मुर्री, यांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदू शस्त्रक्रिया झालेली असून डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया बाकी आहे व ती तातडीने होणे आवश्यक आहे. (गुण २०)’ खाली समितीच्या तिघांच्या सह्या आणि गोल शिक्का.

सतरा तारखेला उमेंद्र रुजू झाला. धुरपताबाई दहा वाजताच दारात होत्या. आत कुलर चालू होता. कैवाऱ्याने उठून त्यांचा हात धरला, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. तीन वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदाच कोणीतरी कोणाला बसवत होतं. भुवनेश्वर दारातून बघत होता.

“बस माय. कशी येल्ली? ऑटोनं? पायबीय दुखून नाही ना राहिले?”

“पाय जाऊ दे बाबू. हा कागद पाय. वीसले शिबिर हाय. सही दे.”

उमेंद्रने कागद वाचला. मग त्याने ड्रॉवरमधून दुसरा कागद काढून तोही वाचला. मग खुर्ची पुढे ओढली आणि फार मायेने बोलू लागला.

“माय, माह्यावर नाराज नको होजो. तुह्या डोरा बाकी हाय, हे माह्याशिवाय कोनाले जास्त मालूम हाय? पन तुह्या डोरा आता नुसता डोरा नाही राहिला. तो परीक्षेचा पेपर हाय. निकालावर आक्षेप घ्यायची तीस दिवसाची मुदत हाय. तवापर्यंत पेपर जसा हाय तसाच ठेवा लागते. उद्या एखांदा म्हनन, बाईचे दोन्ही डोरे चांगले होते, उमेंद्रले फुकट गुन देल्ले. मंग आपुन काय दाखवाव? साहेबाचं लेखी हाय माय. तीस दिवस तुह्या डोऱ्याले हात नाही लावता येत.”

एकही शब्द अडला नाही. एकही शब्द परका नव्हता. धुरपताबाईंनी सगळं ऐकलं. मग त्या उठल्या, पदर सारखा केला, आणि आयुष्यभर ऐकलेलं ते वाक्य त्यांनी पहिल्यांदा स्वतः उच्चारलं.

“साहेब, नीट बोला.”

“जी?”

“ऑफिसच्या मराठीत बोला. इथले साहेब नाही म्हणायचे, ते मला कळायचं नाही. वाटायचं, आपल्यालाच समजलं नसेल, परत येऊन पाहू. आठ वेळा आले मी अशी.” ‘ळ’ आणि ‘ण’ त्या काळजीपूर्वक उच्चारत होत्या. “आज सगळं समजलं. आता परत कशासाठी येऊ?”

उमेंद्रने साहेबांचा कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवला. अभ्यासक्रमात हा धडा नव्हता.

भुवनेश्वर व्हरांड्यात त्यांच्या मागे धावला नाही. तो आपल्या टेबलाशी गेला, बसला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने परीक्षेची नियमावली रागाने वाचली. ती त्यानेच टंकलिखित केली होती. वाचली मात्र नव्हती. नियम सहा: ‘आक्षेपाच्या मुदतीत परीक्षेशी संबंधित कोणत्याही व्यक्तीस अर्ज केल्यास आदर्श उत्तराची साक्षांकित प्रत देण्यात यावी.’

तो गेटपर्यंत पळत गेला. धुरपताबाई ऑटोची वाट पाहत उभ्या होत्या, उजवीकडे तोंड करून. डावीकडून येणारा ऑटो त्यांना दिसत नव्हता.

“आजी, परीक्षेत तुमी होत्या ना?”

“होती म्हन्जे? मीच तं होती.”

“मंग अती सही करा.”

त्या चौथी शिकलेल्या होत्या. भिंतीवर कागद ठेवून त्यांनी सावकाश सही केली. भुवनेश्वरने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साक्षांकनासाठी आलेल्या चाळीस कागदांच्या मधोमध ती प्रत ठेवली. साहेब फोनवर बदलीबद्दल बोलत बोलत सह्या करत होते. त्यांनी एकूण एक्केचाळीस सह्या केल्या.

वीस तारखेला सकाळी सात वाजता रुक्माबाई तिरोड्याहून आल्या आणि धुरपताबाईंना घेऊन शिबिरात गेल्या. उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं तसंच, नाश्ता करून. तीच मुलगी संगणकावर होती.

“आजी, तुमचं ऑपरेशन झालंय.”

रुक्माबाईंनी कागद पुढे केला. मुलीने वाचला. उजवा झाला, डावा बाकी, तातडीने आवश्यक. तीन सह्या, गोल शिक्का, वर साहेबांचं साक्षांकन. इतकं पक्कं प्रमाणपत्र तिने आजवर पाहिलं नव्हतं. कैवाऱ्याची एक सही पुरते. इथे चार होत्या.

“हे कंसात गुण वीस काय आहे?”

“वीसपैकी वीस,” धुरपताबाई म्हणाल्या. “पुरा बाकी हाय.”

मुलीने मान डोलावली आणि त्यांना आत पाठवलं.

पुढे व्हायचं ते झालं. त्या निवृत्त बँक अधिकाऱ्याने अठ्ठाविसाव्या दिवशी आक्षेप घेतला की आपल्याला नमुना ज्येष्ठ नीट ऐकूच आल्या नाहीत. फेरतपासणीसाठी समितीने धुरपताबाईंना बोलावलं. त्या काळा चष्मा लावून आल्या, चष्मा काढून ठेवला आणि साहेबांच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर तारखेसकट वाचून दाखवलं. आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या.

डावा डोळा बाकी नव्हता, म्हणजे आदर्श उत्तर चुकलं होतं. आदर्श उत्तर चुकलं, म्हणजे नऊपैकी आठ उत्तरं चुकली होती आणि उमेंद्रचे एकोणीस गुण गेले होते. स्नेहल मॅडमनी उरलेल्या, रुक्माबाईंच्या, उत्तरपत्रिकेतल्या चार ओळी मोठ्याने वाचल्या आणि म्हणाल्या, “वस्तुस्थितीशी जुळणारं उत्तर आता हे एकच आहे.” प्राध्यापकांनी ते विषयांतर असल्याची आठवण करून दिली. निकाल रद्द झाला. पद रिक्त झालं. कैवाऱ्याच्या खोलीला कुलूप लागलं. आतला कुलर चालूच राहिल्याचं दोन दिवसांनी कळलं. नव्या परीक्षेसाठी नवा नमुना ज्येष्ठ शोधण्याचा आदेश निघाला. त्यात या वेळी एक अट वाढवलेली होती: ‘तक्रार किमान सहा महिने सुटणार नाही अशी असावी.’ त्या अटीत बसणारे म्हातारे शोधायला भुवनेश्वरला खिडकीबाहेर फक्त पाहावं लागलं. रांग गेटपर्यंत होती.

राहिली होती धुरपताबाईंवरची कारवाई. साहेबांनी नोटीस स्वतः सांगून दुसऱ्या लिपिकाकडून लिहून घेतली आणि भुवनेश्वरलाच ती घेऊन मुर्रीला पाठवलं.

धुरपताबाई अंगणात सुपात तांदूळ निवडत होत्या. डाव्या बाजूने सून पाणी घेऊन आली तेव्हा त्यांनी न वळता हात पुढे केला. भुवनेश्वरने मान खाली घालून नोटीस दिली.

“वाचून दाखवू का, आजी?”

“कायले? दोन डोरे कायले काढले मंग?”

त्यांनी उजवा डोळा तळहाताने झाकला आणि डाव्याने, एकेक अक्षरावर बोट ठेवत, मोठ्याने वाचू लागल्या. “‘आपण परीक्षा प्रक्रिया चालू असताना, कार्यालयाची पूर्वपरवानगी न घेता, आपल्या... उजव्या डोळ्यात... बदल करून घेतला आहे. याबाबत आपला खुलासा...’”

त्या थांबल्या. परत तीच ओळ वाचली.

“यात उजवा लिवून हाय, बाबू.”

भुवनेश्वरने कागद घेऊन पाहिला. उजवाच होता. उजव्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी, परीक्षेच्या कितीतरी आधी, रीतसर झालेलं होतं. नोटीस ज्याच्याबद्दल होती तो गुन्हा घडलेलाच नव्हता.

“साहेबानं असं कसं लिवलं असन?” तो म्हणाला.

धुरपताबाईंनी नोटिशीची घडी घातली आणि सुपाखाली ठेवली.

“अकरा डाव सांगतलं ना रे मी,” त्या म्हणाल्या. “पन तो माह्यासमोर बसला होता. समोर बसून पायनाऱ्याले आपला डावा उजवाच दिसते.”